अकरा वाजता आरसा

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये आमचं वरण गच्चीवर शिजायचं. चाळीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या सरकारला स्वावलंबनाचं वेड होतं. सूर्यचुलीवर अनुदान मिळालं आणि आमचे हे, मार्तंड, ती पेटी डोक्यावर घेऊन चार मजले चढले. काचेचं झाकण, आत काळे डबे, वर आरसा. मी सकाळी डाळ-तांदूळ लावून ऑफिसला पळायची. अकराला जी कुणी पापड वाळत घालायला वर येईल, तिने आरसा उन्हाकडे फिरवायचा, असा बिल्डिंगचा रिवाजच पडला. एकदा शेवंतीताई विसरल्या, तर सगळ्यांनी त्यांना आठवडाभर 'कच्ची डाळ' म्हणून छळलं. काय दिवस होते ते.

मग सरकार बदललं. नव्यांचं म्हणणं, काय विकायचं ते बाजार ठरवेल. अनुदान गेलं, मागोमाग पेटीची काच मिळायचं दुकानही गेलं. त्यातच झाकणाची काच तडकली, आणि माझी नुसती चिडचिड. हे मात्र खिडकीची जुनी काच कापून बसवत म्हणाले, "सरकार पडलं म्हणून सूर्याने राजीनामा दिलाय का, कुंदा?"

हे जाऊन सहा वर्षं झाली. पेटी मी वापरतच राहिले. एकटीपुरतं वरण, पण ह्यांनी बसवलेल्या काचेखाली शिजलेलं.

आताच्या सरकारला सूर्य म्हणजे देशाची शान वाटते. जाहिराती, अनुदान, सगळं परत आलं. गेल्या वर्षी आमचा सेक्रेटरी निलेश सोलर पॅनेलचा नकाशा घेऊन घरी आला.

"काकू, तुमचा कोपरा सोडलाय हं. पॅनेल टाकीशेजारी लावतो. तुमची पेटी राहू दे."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग नकाशा नीट बघितला. दिवाळीनंतर टाकीची सावली दुपारभर पॅनेलच्या त्या जागेवरच पडते. ह्यांनी एक अख्खा हिवाळा खडूने सावल्या आखून पेटीची जागा शोधली होती, त्यामुळे मला पाठ होतं. गप्प बसले असते तर पेटी वाचली असती.

"निलेश, ती जागा बाद आहे रे," मी म्हटलं. "दिवसभर ऊन फक्त माझ्या कोपऱ्यात असतं."

"मग पेटी?"

"काढ."

पॅनेल झकास बसलीत. जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप, सगळं उन्हावर चालतं. अकरा वाजले की मी अजून वर जाते. फिरवायला काही नसतं. पॅनेलवरची हात पोचेल तेवढी धूळ पदराने पुसते आणि खाली येऊन गॅसवर वरण लावते.