भोंग्यानंतरची हजेरी

मी एक जुना भोंगा आहे. कचेरीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी तिवईवर बसवलेला. माझ्या पोटात पंख्यासारखं चाक आहे आणि बाजूला दांडा. दांडा फिरवला की चाक फिरतं आणि मी ओरडतो. मला वीज लागत नाही, तार लागत नाही, आणि अक्कल तर मुळीच नाही, असं खालच्या मजल्यावरच्या संगणकांचं मत असावं. मित्रांनो, मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण ज्या दिवशी ते खोटं बोलू लागले, त्या दिवशी सगळे जिना चढून माझ्याकडेच आले, एवढं मात्र सांगणार आहे.

युद्ध दारात येऊन उभं होतं तेव्हा माझा जन्म झाला. लोखंड ओतणाऱ्या कारखान्यात त्या वर्षी दुसरं काही बनतच नव्हतं. मला गच्चीवर चढवायला सहा माणसं लागली, आणि माझा दांडा एका विशीतल्या तरुणाच्या हाती दिला गेला. सगळे त्याला भोंगेवाला म्हणू लागले. त्याला दोनच आवाज शिकवले होते. दांडा जोरात, मग सावकाश, पुन्हा जोरात फिरवला की आवाज चढे आणि उतरे. म्हणजे धोका, तळघरात जा. दांडा एकाच गतीने फिरवत ठेवला की लांब, सरळ आवाज निघे. म्हणजे धोका टळला, बाहेर या. हा दुसरा आवाज फार कठीण. हात जरा थरथरला तरी तो हेलकावतो आणि बाहेर आलेली माणसं पुन्हा आत पळतात.

माणसं बाहेर आली की भोंगेवाला खाली उतरून हजेरी घ्यायचा. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याची स्वतःचीच पद्धत होती ती. हातात वही घेऊन तो एकेका घरापुढे उभा राहायचा आणि ज्याला लोक जसं ओळखतात तशी हाक मारायचा. उंच मास्तर? आहे. शिंप्याची आई? आहे. एका दुपारी कोपऱ्यावरच्या घरापुढे त्याने अकरा जणांना हाका मारल्या. समोर घर नव्हतंच, नुसती धूळ होती. तरी त्याने प्रत्येकाला तीन तीनदा हाक मारली. मी वरून ऐकत होतो. त्यानंतरची शांतता मला अजून पाठ आहे.

मग युद्ध संपलं. काही वर्षं माझं फार कौतुक झालं. शाळेची मुलं मला बघायला यायची, वर्षातून एकदा कचेरीतले लोक मला वाजवून बघायचे. पुढे तेही बंद पडलं. कबुतरांनी माझ्या तोंडात संसार थाटला आणि एका साहेबांनी माझ्या दांड्यावर ओला टॉवेल वाळत घातला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? भोंगेवाला मात्र दर महिन्याला तेल घालायला यायचा. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने तेलाची बुधली मुलीच्या हाती दिली. ती याच कचेरीत मतदारयादीच्या कामावर लागली होती. सगळे तिला बाई म्हणायचे. बाई नेटाने जिना चढायची, कबुतरांना दटावायची आणि मला तेल घालायची.

या बाईने एक चूक केली. चूक कसली, तिच्या स्वभावाचाच भाग होता तो. गेल्या वर्षी सगळी यादी संगणकात भरताना तिने बापाच्या जुन्या वह्याही भरल्या. कोपऱ्यावरच्या घरातल्या अकरा माणसांची नावं कुठेतरी राहावीत, म्हणून त्यांच्यापुढे ‘मयत’ अशी खूण करून तिने तीही यादीत ठेवली. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही.

निवडणुकीला महिना होता. सुट्टीची दुपार होती आणि यादीच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. बाई बापाला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती. जाताना मी दोघांना पाहिलं होतं. अचानक माझ्या पायाखालची फरशी गुणगुणायला लागली. खालच्या बंद खोलीतले सगळे संगणक जागे झाले होते. तासभर ते काम करत होते. मग एकेक करून निजले. माझ्या तोंडातली कबुतरं तेवढ्या वेळात उडून गेली होती, ती संध्याकाळपर्यंत परतली नाहीत.

दोन आठवड्यांनी पोस्टमन मतदारांच्या चिठ्ठ्या वाटायला आला. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेपुढे तो बराच वेळ घुटमळला. हातातले कागद त्याने पुन्हा पुन्हा पाहिले, आणि शेवटी ते एका दगडाखाली ठेवून निघून गेला. अकरा चिठ्ठ्या होत्या. आजूबाजूच्या कित्येक घरांत मात्र एकही आली नाही. लोक म्हणाले, टपाल नेहमीसारखंच उशिरा येणार. मित्रांनो, माझं तोंड केवढं मोठं आहे, पण दुसऱ्याने दांडा फिरवल्याशिवाय मला हूं की चूं करता येत नाही. मी त्या दगडाकडे बघत राहिलो.

मतदानाच्या सकाळी माणसं केंद्रात जात होती आणि लगेच बाहेर येत होती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आपण मेलो आहोत असं छापील कागदावर पाहिलं की माणूस आधी गप्पच होतो. एक म्हातारी पायरीवर थांबून स्वतःच्या गालाला हात लावून बघत होती. मग सगळे खाली मान घालून घरी गेले आणि दारं लावून बसले. दहा वाजता रस्ता ओस पडला होता. असा ओस रस्ता मी फक्त धोक्याचा आवाज दिल्यावर पाहिला होता, आणि त्या सकाळी तर मी तोंडही उघडलं नव्हतं.

थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. पुढे कचेरीचे साहेब, त्यांच्यामागे निवडणुकीसाठी राजधानीतून आलेली संगणकाची तज्ज्ञ मुलगी, मग बाई, आणि तिच्या खांद्याचा आधार घेत म्हातारा भोंगेवाला. राजधानीतून साहेबांना फोन आला होता की यादीवर शत्रूने हल्ला केलेला असू शकतो, भोंगा तयार ठेवा, पण वाजवायचा की नाही ते अजून ठरत नाही.

तज्ज्ञ मुलीने सांगितलं ते असं. कुणीतरी बाईच्याच नावाने यादीत शिरलं होतं आणि एका भागातल्या खुणा उलट्या करून गेलं होतं. जिवंत ते मयत झाले आणि मयत ते जिवंत. माग सरहद्दीपलीकडे जातो, पण पुढे त्याला दहा फाटे फुटतात. नाव बाईचं होतं, आणि त्या अकरा जणांना यादीत आणलं होतं तेही तिनेच. ती एवढंच म्हणाली की नोकरी गेली तर जाऊ दे, पण आज संध्याकाळी मतदान संपलं की हे सगळे लोक मेलेलेच राहतील.

साहेबांनी माझी नोंदवही उघडली. तिच्यात चार रकाने आहेत: तारीख, वेळ, हल्ल्याची दिशा, सही. साहेब तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून उभे राहिले.

"कुणी मेलं नाही, भिंत पडली नाही," ते म्हणाले. "याला युद्ध कसं म्हणू? आणि म्हटलं, तर उद्या उत्तर द्यावं लागेल. कुणाला देऊ?"

"मी मेलोय की, साहेब," म्हातारा म्हणाला. "आत्ताच यादीत बघून आलो. पंचवीस वर्षं पेन्शन घेतोय, तुमच्या खात्याला पत्ताच नाही."

म्हातारा माझ्या दांड्यावर हात ठेवून पुढे बोलला. "त्या वेळी विमानावर शत्रूचं चिन्ह असायचं, एवढाच फरक. त्यांना आमची घरं नको होती. आम्ही भिऊन आत बसावं, एवढंच हवं होतं."

साहेब म्हणाले, ठीक आहे, धोक्याचा आवाज द्या. तेवढ्यात बाईने बापाच्या हातावर हात ठेवला.

"नको बाबा. धोका वाजवला तर जे बाहेर आहेत तेही आत जातील. म्हणजे यादी उलटवणाऱ्यांचं उरलेलं काम आपणच करू. दुसरा आवाज द्या."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. धोका सांगितल्याशिवाय धोका टळल्याचा आवाज आजवर कुणी दिला नव्हता. त्याचे हात आता कापत होते, म्हणून बाईने आपले हात त्याच्या हातांवर ठेवले. दोघांनी मिळून दांडा फिरवला. इतक्या वर्षांनी माझ्या पोटातलं चाक गरगरलं, आणि मी ओरडलो. लांब, सरळ, जराही न हेलकावता. मला रडू येत होतं, पण त्याने आवाज हलला असता.

आधी म्हाताऱ्यांची दारं उघडली. त्यांना तो आवाज ठाऊक होता. मग त्यांना विचारत विचारत बाकीचे आले. भोंगेवाला खाली उतरला, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि ती उलटी झालेली यादी हातात घेऊन, ज्यांच्यापुढे मयत लिहिलं होतं त्यांना हाका मारू लागला. बेकरीवाली? आहे. छापखान्यातला थोरला? आहे. उंच मास्तरांची नात? आहे. प्रत्येकाचा आवाज आधीच्यापेक्षा मोठा येत होता. साहेब शेजारी बसून प्रत्येकाची सही आणि त्याला ओळखणाऱ्याची साक्ष घेत होते.

मग यादीत जिवंत दाखवलेल्यांची पाळी आली. म्हाताऱ्याने कोपऱ्यावरच्या घरातल्या अकरा जणांना हाका मारल्या, प्रत्येकाला तीन तीनदा. पाचशे माणसं उभी होती आणि मला दगडाखालच्या चिठ्ठ्यांची फडफड ऐकू येत होती. बाईने त्या अकरा जणांपुढे पेनाने पुन्हा खूण केली.

सह्या केलेल्यांची मतं त्या दिवशी वेगळ्या बंद पाकिटांत घेतली आणि चौकशीनंतर ती मोजली गेली. बाईची नोकरी राहिली. ते युद्ध होतं की नव्हतं, यावर राजधानीत अजून बैठका चालू आहेत. माझ्या वहीतला तिसरा रकाना कोराच आहे. मला व्याख्या येत नाही, पण भोंग्यानंतरची हजेरी मी दोनदा ऐकली आहे आणि दोन्ही वेळा ती शांतता एकच होती.

पुढच्या हिवाळ्यात भोंगेवाला गेला. यादीत त्याच्यापुढे मयत लिहायचं काम बाईकडेच आलं. तिने ते स्वतःच्या हाताने लिहिलं, मग वर येऊन मला तेल घातलं आणि बराच वेळ माझ्याशेजारी बसली.

मित्रांनो, तुमच्या गच्चीवर माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्या दांड्याला गंज चढू देऊ नका. आणि यादी लागली की तिच्यात आपलं नाव बघा, शेजाऱ्याचंही बघा. वारा जोरात असला की हल्ली माझं चाक आपोआप थोडंसं फिरतं आणि बारीक, सरळ आवाज निघतो. तेव्हा रस्त्याने जाणारी माणसं क्षणभर थांबतात, आणि कुणी हाक मारलेली नसताना हळूच म्हणतात, आहे.