कॉलर कोण बघतं?

ड्रेसवाल्याने शर्ट काउंटरवर पसरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"हा कुणी धुतला?"

"मीच," लाँड्रीवाला म्हणाला. शाबासकी घेण्याच्या तयारीनेच तो पुढे आला होता. "कॉलरला दोनदा घ्यावं लागलं. आधी वाटलं, निघत नाही. पण आता बघा, जसा काही कोरा!"

"अहो, पण खालच्या पिशवीला हात लावू नका, असं बजावून गेलो होतो ना मी!"

"बजावलं होतंत. पण पिशवीचं तोंड उघडं राहिलं होतं आणि कॉलर दिसली. एवढा घाण कपडा दुकानात पडून आहे म्हटल्यावर मला चैन पडेना."

ड्रेसवाला बाकावर मटकन बसला. पलीकडच्या गल्लीत सिनेमाचं शूटिंग सुरू झाल्यापासून तिथल्या कपड्यांची गाठोडी याच लाँड्रीत येत होती, आणि ती आणणं-नेणं याच माणसाकडे होतं. आजवर त्याने कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"किती दिवस खपून मळवला होता मी तो," तो म्हणाला. "चहाच्या पाण्यात बुडवला, दगडाने घासला, वंगण लावलं, उन्हात टाकला, परत लावलं. नायक खाणीतून सुटून घरी येतो, दारात उभा राहतो. सरांचा सगळ्यात मोठा सीन. आज दुपारी. असे दोन होते, एक मारामारीत फाटला."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम घाण करता?" लाँड्रीवाल्याने विचारलं. कुणी चांगल्या दुधात मीठ कालवतं असं ऐकावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

मागे इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली. लाँड्रीवाल्याच्या बायकोला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. तिची नणंद मात्र तिला थेटरवाली म्हणायची, आणि त्यात कौतुक नव्हतं. वहिनीला सिनेमाचं वेड होतं हे एक वेळ चाललं असतं, पण तिला आवडायचे ते सगळे घामट सिनेमे. ज्यात नायकाची नखं काळी असतात, भांडणात केस विस्कटले की शेवटपर्यंत विस्कटलेलेच राहतात आणि गाणं येईल असं वाटतं तिथे नुसता नळ गळत असतो. नवऱ्याला तिने दोनतीनदा नेलं होतं. तो पहिल्या अर्ध्या तासातच घोरायला लागायचा.

"तिकीट काढून घाण बघायला जायचं," नणंद म्हणायची. "घरी काय कमी पडते?"

"घरी ती धुवावी लागते, वन्सं. तिथे कुणी धूत नाही, म्हणून जाते."

हे उत्तर तोंडावर फेकण्यापुरतं होतं. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिचे बाबा कोळशाच्या वखारीत पोती उचलायचे. संध्याकाळी ते मागच्या दाराने घरात यायचे, आणि आई त्यांना खसाखसा घासून काढल्याशिवाय पुढच्या खोलीत येऊ द्यायची नाही. बाहेरचं कुणी आलेलं असलं, तर ते जाईपर्यंत बाबा मागेच पायरीवर बसून राहायचे. पुढे बाबा गेले. भिंतीवर फोटो लागला, तोही काकांचा पांढरा शर्ट घालून काढलेला. मग कितीतरी वर्षांनी, एका दुपारी, तिने तो सिनेमा पाहिला. कुणालाच माहीत नसलेला एक नवा नट त्यात हमाल झाला होता. तो पाणी प्यायला वाकला आणि त्याची कॉलर सबंध पडद्यावर आली. काळी, तेलकट, कडेने दोरे सुटलेली. भरल्या थेटरात एवढी मोठी मळकी कॉलर, आणि तिला मागच्या दाराने जा, असं कुणी म्हणत नव्हतं. वहिनी त्या दिवशी पदर तोंडात धरून रडली होती.

तोच नट आता पलीकडच्या गल्लीत होता. आता त्याला सगळे सर म्हणत. वहिनी कामातून वेळ काढून तिथे गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीशी उभी राहून आली होती. तिला त्याची छत्री तेवढी दिसली. त्याला एकदा गाठायचं, त्या कॉलरबद्दल आभार मानायचे, एवढीच तिची इच्छा होती. वाक्यसुद्धा ठरलेलं होतं.

"डोकं धरून काय होणार?" ती पुढे येऊन ड्रेसवाल्याला म्हणाली. "परत मळवू या."

"इथे? दुकानात?" लाँड्रीवाला ओरडलाच.

"मग काय देवळात? चहा टाका तुम्ही, चांगला काळा."

ड्रेसवाल्याने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि बाह्या सरसावल्या. बॉयलरच्या नळकांड्यातली काजळी निघाली, मशीनच्या चाकाचं वंगण निघालं. त्याचा हात सफाईदार होता. कोपरं कुठे झिजवायची, खिशाशी बोटांचे डाग कसे उठवायचे, ओला ठिपका कापसाने टिपून कसा जुना करायचा, हे तो भराभर करत गेला आणि तो मागेल ते वहिनी हातात देत राहिली. लाँड्रीवाला पाठ करून उभा होता. चहाचं पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

"कॉलर मला द्या," वहिनी म्हणाली.

ड्रेसवाल्याने दिली. बाबा घाम पुसायचे तो नेहमी उजव्या हाताने, मानेवरून कानाकडे. तिने तशीच बोटं ओढली. एकदा ओढली, पुसून काढली, पुन्हा ओढली. तिचं तिलाच नवल वाटलं, की हाताला सगळं आठवत होतं.

तेवढ्यात गल्लीत गलका झाला. गाडी दुकानासमोरच येऊन थांबली आणि सर आत आले. पडद्यावर दिसायचे त्यापेक्षा ठेंगणे होते, पण दुकान एकदम लहान वाटायला लागलं. मागोमाग फोन उगारलेला एक सेक्रेटरी आणि दारात ही गर्दी.

"काय रे, शर्ट हरवला म्हणे?"

"हरवला नाही सर. धुतला गेला."

सर मनापासून हसले. "कुणी, तुम्ही धुतलात?" त्यांनी लाँड्रीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उपकार केलेत हो! वास नुसता नाकात बसला होता त्याचा. चला, मग असं करू. या सीनला स्वच्छ शर्ट घालतो. डायरेक्टरला मी बघतो. कुणालाच बोलणी नकोत. आणि काम यांच्याकडेच राहू दे रे, माणसाचा हात चांगला आहे."

लाँड्रीवाल्याच्या जिवात जीव आला. ड्रेसवाल्याने हातातला कापूस खाली ठेवला. सगळं निभावलं होतं. फक्त वहिनी कॉलर सोडायला तयार नव्हती.

"पण तो खाणीतून आलाय ना?" ती म्हणाली.

"कोण?"

"तुम्ही."

"आलोय की. पण इतक्या महिन्यांनी बायकोसमोर उभा राहतोय. नायक बरा दिसलेला आवडतो लोकांना, ताई. लोक माझं तोंड बघायला येतात. कॉलर कोण बघतं?"

"मी बघते."

"अगं," लाँड्रीवाला हळूच म्हणाला.

"थांबा हो जरा. साहेब, तुमच्या पहिल्या सिनेमात तुम्ही हमाल होतात. पाणी प्यायला वाकलात. त्या कॉलरपायी मी तो सिनेमा तीनदा बघितला. माझ्या वडिलांची तसलीच असायची. तेव्हा तुम्ही धुतलेला शर्ट घालून वाकला असतात, तर मी काय बघितलं असतं? तुमचं तोंड?"

दारातलं कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. उलट त्यांचा चेहरा निवळला आणि ते काउंटरला टेकले.

"तो सिनेमा! हल्ली कुणी नाव काढत नाही त्याचं. ताई, तेव्हा आमच्याकडे ड्रेसवाला कुठला असायला? स्टेशनवर एक हमाल होता. त्याच्याच अंगावरचा काढून घेतला आणि घातला मी. काय सांगू, ओकारी यायची तेवढी बाकी होती."

वहिनीचा हात थांबला. "मग तो काय घालून घरी गेला?"

"कोण?"

"हमाल."

सरांनी खरोखरच आठवून पाहिलं. "दिलं असेल काहीतरी कुणीतरी," ते म्हणाले.

इतकी वर्षं सांभाळलेलं वाक्य वहिनीच्या तोंडाशी आलेलं होतं. ते तिने गिळलं. आभार मानायचे होते ते कुणाचे, हेच आता उलटंपालटं झालं होतं. तो माणूस कुठे असेल, असेल की नसेल, कुणाला ठाऊक! तिला या नटाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्याच्या छत्रीसाठी आपण उन्हात ताटकळलो होतो.

"या, फोटो काढू आपण," सर म्हणाले. "दुकानात लावा. गिऱ्हाईक वाढेल."

सेक्रेटरीने फोन समोर धरला. लाँड्रीवाला केसांवरून हात फिरवून बायकोच्या शेजारी येऊन उभासुद्धा राहिला.

"नको," वहिनी म्हणाली.

"लाजताय काय? हात धुवून या, आम्ही थांबतो."

"लाजत नाही. फोटो लावला की येणारा-जाणारा विचारणार, कसा आहे हो माणूस? मग मला गोड बोलावं लागणार. ते मला जमत नाही." तिने शर्ट दोन्ही खांद्यांना धरून समोर केला. "हा झालाय. इस्त्री मारून वाळवून देते लगेच. घालणार असाल तर घेऊन जा. नसाल, तर मग खाणीतून सुटलो म्हणून तरी सांगू नका."

सरांचं हसू गेलं नाही, पण पातळ झालं. त्यांनी शर्टाकडे पाहिलं, वहिनीच्या काळ्या बोटांकडे पाहिलं.

"नवा काढ रे," ते ड्रेसवाल्याला म्हणाले आणि गाडीकडे वळले. गर्दीही त्यांच्यामागे गेली.

ड्रेसवाला गाठोडं बांधताना क्षणभर घोटाळला. "ताई, कॉलर झकास झाली होती."

"मग न्या की."

"आता कशाला? नवा घालणार म्हणजे घालणार." तो लाँड्रीवाल्याकडे न बघता पुढे म्हणाला, "आणि काका, उद्यापासून बहुतेक मी यायचो नाही. मॅनेजरच्या कानावर जाणारच हे. रागावू नका."

तो गेल्यावर वहिनी मोरीत जाऊन हात घासत बसली. काजळी निघता निघत नव्हती. नवरा आता काय काय बोलेल ते तिला पाठ होतं, आणि त्यावर आपण काय बोलायचं तेही. चालत्या कामाला लाथ मारलीस, म्हणेल. म्हणू दे. सिनेमापायी संसार उधळशील, म्हणेल. उधळला तर उधळला. पुन्हा तो माणूस दारात आला असता, तरी ती हेच बोलली असती. उलट अजून चार शब्द राहून गेले, याचीच तिला हळहळ वाटत होती. पदराला हात पुसत ती बाहेर आली, ती भांडायच्या तयारीनेच.

लाँड्रीवाला काउंटरवरच्या शर्टाकडे बघत उभा होता.

"धुवायचा असेल तर धुवून टाका," ती म्हणाली. "मी काही बोलणार नाही."

"फोटोत तर पांढराशुभ्र आहे," तो म्हणाला.

"काय?"

"बाबांचा शर्ट. घरच्या फोटोत."

"तो काकांचा आहे. मागून आणलेला."

"हं." लग्नानंतर इतक्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना त्याने तेवढंच पाहिलेलं होतं, भिंतीवरचं. त्याने शर्ट उचलला, टेबलावर नेऊन पसरला आणि इस्त्री हातात घेतली. मग थांबला. ओला डाग तापल्या इस्त्रीला लागून निघून येतो. त्याने फडताळातून मलमलीचा तुकडा काढला, कॉलरवर अंथरला आणि वरून हळूहळू इस्त्री फिरवली. पुढचे भाग, बाह्या, पाठ. एरवी सरकारी साहेबांच्या कपड्यांनाही तो एवढा वेळ देत नसे. वहिनी बघत राहिली. भांडणाची सगळी वाक्यं तिच्या तोंडात तशीच राहून गेली.

त्याने शर्ट हँगरला लावला, वरचं बटण घातलं आणि दारासमोरच्या दांडीवर, धुऊन तयार झालेल्या कपड्यांत, सगळ्यांच्या पुढे अडकवला.

थोड्या वेळाने बँकेतले साहेब कोट न्यायला आले. पावती शोधता शोधता त्यांची नजर दांडीवर गेली आणि तिथेच अडकली.

"अहो, हा एक धुवायचा राहिला वाटतं?"

"नाही," लाँड्रीवाला म्हणाला. "तो झालाय." आणि त्याने पावतीसाठी हात पुढे केला.