जागेवरची गाडी

काळा… आणि तोही कोरडा. बोट फिरवलं की पेरावर उतरणारा, मऊ, काजळीसारखा. स्पार्क प्लगचं टोक उजेडाकडे धरून ती सुट्या भागांच्या दुकानाच्या पायरीवरच थांबली. सकाळी अंगणात बाबांच्या मोटरसायकलला किक मारून मारून पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा वैतागून तिने हा प्लग काढला, भोकात चिंधी कोंबली आणि न बघताच रुमालात गुंडाळून आणला. बघत होती ती आता. तेलकट असता तर इंजिनच थकलं म्हणायचं. पण हा तेलकट नव्हता. इंजिन ठणठणीत होतं, फक्त कित्येक दिवसांत ते नीट तापलंच नव्हतं.

पण बाबा तर रोज तळ्यापर्यंत जायचे.

प्लग बघायला तिला बाबांनीच शिकवलं होतं. डॉक्टर जीभ बघतात ना, तसंच हे, म्हणायचे. फिकट तपकिरी म्हणजे गाडी मनसोक्त पळाली, पांढरा म्हणजे भाजली, काळा म्हणजे जागच्या जागी नुसती धडधडली… दादा कंटाळून पळून जायचा. ही मात्र मांडी ठोकून बसायची आणि नखांतल्या काजळीपायी आईची बोलणी खायची. तोच दादा आज सकाळी फोनवर म्हणाला, “चालू झाली तर घेऊन जा बाई. नाहीतर दुपारी भंगारवाला येतोच आहे. घर आजच रिकामं करून द्यायचंय.” दादा वाईट नाही. दमलाय. बाबा गेल्यापासून सगळं त्याच्याच गळ्यात पडलंय.

“गाडी रोज लांब जाते, की थोडीच चालते?” दुकानदाराने विचारलं. जुन्या इंजिनाला प्लग निवडायचा तर हे विचारावंच लागतं. लांब पळणाऱ्या गाडीला थंड प्लग, टोकाची उष्णता पटकन सोडून देणारा. कमी चालणारीला गरम, टोक तापतं ठेवून काजळी जाळणारा. या गाडीच्या पुस्तकात थंडच लिहिलेला, आणि त्याचा नंबर तिला पाढ्यांच्याही आधी पाठ झालेला.

“रोज तळ्यापर्यंत,” ती सवयीने म्हणाली.

त्याने प्लग पुसून नंबर वाचला. “पण हा तर गरम आहे.” मग तिच्याकडे नीट बघितलं. “तुम्ही त्या जुन्या गाडीवाल्या काकांची लेक का? मीच दिला होता हा. म्हणाले, गाडी आता कुठे जात नाही, सकाळी जरा वेळ जागेवरच चालू करतो, तेवढ्यापुरता द्या.”

तेवढ्यापुरता.

म्हणजे रोज सकाळी ती फोन करायची तेव्हा… गाडी आधीच चालू असायची. “निघालोच आहे बघ तळ्याकडे,” बाबा इंजिनाच्या वरताण ओरडायचे, आणि ती चिडायची, डोळ्यांना धड दिसत नाही, कशाला ही हौस या वयात — आणि फोन ठेवला की तिचा जीव भांड्यात पडायचा. गाडी चालवतायत म्हणजे ठीक आहेत. म्हणजे आज जायला नको, या रविवारीही नको. “बरं, सावकाश जा,” एवढं म्हटलं की झालं. संध्याकाळी तळ्याची वर्णनं. आज बगळे बरेच होते म्हणे. बगळे! आणि मी मूर्ख विचारायचे, पिल्लं दिसली का. त्या आवाजात कधीच गिअर पडला नाही, हे मला कसं कळलं नाही? मला? चांगल्या कानाची म्हणून बाबा ज्या पोरीचं चारचौघांत कौतुक करायचे, तिला? फोन ठेवल्यावर ते काय करत असतील… गाडी बंद करून पायरीवर बसत असतील. अहो बाबा, सांगायचं तरी होतं. आले असते मी. आले असते ना?

“मग? हाच देऊ, की पुस्तकातला?” दुकानदाराने दोन डब्या समोर ठेवल्या.

तेवढ्यात दादाचा फोन. “झाली का चालू?”

गाडी तिकडे अंगणात, चिंधी कोंबलेली. इथे दाराबाहेर मात्र कुणाची तरी मोटरसायकल उभ्या उभ्या धडधडत होती, एकसुरी, न थांबता.

“झाली,” ती म्हणाली. “निघालेच आहे बघ.”

किती सहज आले शब्द. भंगारवाल्याचं तिच्या मनातही नव्हतं त्या क्षणी. दादा दमलाय, त्याला आणखी घोर नको, एवढंच होतं. जीभ अडखळली नाही की चेहरा बदलला नाही.

“येतोय आवाज,” दादाने सुस्कारा सोडला. “सुटलो बाई. भंगारवाल्याला नको म्हणून कळवतो. बरं, सावकाश जा.”

त्याने फोन ठेवला. बाहेरची गाडीही कुणीतरी बंद केली, आणि दुकानात एकदम शांत झालं. बोटाची काजळी फोनला लागली होती. दुकानदार काहीतरी विचारत होता, डब्या पुढे सरकवत होता. समोरच्याचा जीव भांड्यात पडल्यावर आपण इतके एकटे उरतो, हे बाबांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.