कोऱ्या काचेतली भाची

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दिवे मालवले. मागून उजळलेली एक कोरी काच तेवढी समोर उरली.

"मंत्रलेले चष्मे चढवा!" महाराज गरजले. "यांना नंबर लागत नाही, श्रद्धा लागते. आणि मान सरळ! मान कलली की आत्मा बिथरतो."

ताईबरोबर आलेल्या धाकट्या बहिणीने चष्मा चढवला. काचेत तिची भाची होती. तीच हनुवटी, सोनेरी गाल. गेल्या वर्षी तापाने गेलेली पोर.

"दिसली ना? मला बोलावतेय," शेजारी बसलेली ताई, पोरीची आई, कुजबुजली. "औषध घेतलं तर दिसणार नाही, महाराज म्हणाले. मी हृदयाच्या गोळ्या बंद केल्यात."

"गोळ्या बंद?" धाकटीने विचारलं. प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळवणाऱ्या पारदर्शक तरंगपट्ट्या निवडणं हे तिचं प्रयोगशाळेतलं रोजचं काम. पण त्या क्षणी सगळं शिक्षण पाण्यात गेलं. तिला रडू कोसळलं, तिने ताईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि भाची पुसली गेली. डोकं उचललं, तर पुन्हा हजर!

तिचं रडूच थांबलं. चष्मा कलला की चित्र विझतं, हे ती प्रयोगशाळेत रोज बघायची.

पुढच्या बैठकीला येताना तिने पट्टी निवडून आणली. पाव-तरंगाची नको, तिने चेहरा धड पुसला जाणार नाही. अर्ध-तरंगाची फिरवली की प्रकाशाच्या कंपनाची दिशाच फिरते. मान सरळ ठेवूनच बसलेल्या ताईच्या चष्म्यासमोर तिने ती हळूहळू फिरवली. सोनेरी चेहरा विरला, मग निळा होऊन परत आला.

"ताई, काचेमागे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश सोडणारा कागद आहे, चष्म्यात दुसरा. मधे काचेवर पारदर्शक चिकटपट्टीचे थर, तू दिलेल्या फोटोवरून कापलेले. थर बदलला की रंग बदलतो."

"पाखंडी! आत्मा कोपेल!" महाराज ओरडले.

"कोपू दे. काचेला हात लावू द्या."

महाराज आडवे येईपर्यंत ताईच काचेपाशी पोचली होती. तिने लेकीच्या गालाला नख लावलं. गाल सुटून तिच्या बोटाला चिकटला. चष्मा काढून ती बघत राहिली. बोटाला नुसती चिकटपट्टी होती.

"ती मला बोलवत नव्हती?"

"नाही गं. ती गेली, ताई."

ताई तिथेच खाली बसून रडली. वर्षभरात पहिल्यांदा.

गेलेलं माणूस पुन्हा दिसावं असं कुणाला वाटत नाही? वाटू द्या, त्यात लाज नाही. पण दिसलं तर कसं दिसलं, हे विचारा. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणाच्याही शब्दावर सोडू नका.