खुशालरावांचा टॅबलेट

सत्यवतीनं पोह्याच्या बशीला अजून हात लावला नव्हता, आणि तिचा धाकटा भाऊ केशव दुसरी बशी संपवत आला होता. केशवच्या मुलीसाठी, आरतीसाठी, स्थळ आलं होतं, म्हणून दोघं अमरावतीहून अकोल्याला मुलाचं घर पाहायला आले होते. केशवला घर फाटकापासूनच पसंत पडलं. सत्यवतीचं तसं नव्हतं. बावीस वर्षं बाजारात भाजी विकलेली बाई ती. वांगं रंगावर घेऊ नये, देठ पाहून घ्यावं, हे गिऱ्हाइकांना ती फुकटात शिकवायची. आईविना राहिलेल्या भाचीला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. निघताना आरती म्हणाली होती, "आत्या, बाबा तं हो म्हणतीनच. तू पोहे खाल्ले, तरच मी हो समजीन."

समोर भिंतभर टीव्ही दणदणत होता. मुलाचे वडील खुशालराव टॅबलेट घेऊन सोफ्याच्या मधोमध बसले होते. त्यावर बोट फिरवलं की टीव्हीवर बातम्या, पुन्हा फिरवलं की क्रिकेट, मग कुस्ती.

"रिमोट गेला कपाटात," ते म्हणाले. "आता सारा कारभार याच्यावर. नंबर टाकल्याबिगर उघडत नाई. घरात शिस्त पाह्यजे."

"वा," केशव म्हणाला. त्याचं काय, कोणी झाडू दाखवला असता तरी वा म्हणाला असता.

दाराशी मुलाची आई सुभद्राबाई उभी होती. तिनं सत्यवतीकडे पाहून काहीतरी विचारलं. कुस्तीच्या गलक्यात ओठ तेवढे हलले. सत्यवती पुढे झुकली, तोवर खुशालरावांनी आवाज आणखी चढवला. स्पीकर दाखवायचे होते ना. बाईनं पुन्हा विचारलं, तेही गेलं वाहून. मग ती गप्प झाली, रोजच्या सवयीनं व्हावं तशी. सत्यवतीला भयंकर राग आला. उद्या त्याच दाराशी आपली आरती अशीच उभी राहायची.

"सुभद्राताई, तुमी काय पाह्यता याच्यावर?" तिनं बाजारातला आवाज काढला. त्यापुढे कुस्तीचं काय चालतं.

"हे लावून देतात ते."

"अन् हे शेतात गेले का?"

"मंग बंद असते."

खुशालराव हसले. "तिले काय समजते त्यातलं."

सत्यवतीनं मोर्चा मुलाकडे वळवला. शिवम मघापासून खाली मान घालून बसला होता. "शिवमबाबू, तुमाले माहीत आहे नंबर?"

"आहे."

"मंग आईले काहून नाई सांगितला?"

केशवनं बहिणीचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला. सोयरीक इथंच मोडू शकते, हे काय तिला कळत नव्हतं? मोडली तर मोडली.

शिवमनं आईकडे पाहिलं. कान लाल झाले त्याचे. "चुकलं माह्यं," तो म्हणाला आणि उठला. "बाबा, द्या जरा." खुशालरावांनी काही न समजून टॅबलेट दिला. पोरानं दोन-चार ठिकाणी बोट लावलं. "नंबर काढून टाकला, बाबा. आता कोणालेही उघडते."

"पाहुण्यांसमोर हे काय करून राहिला तू?"

"पाहुणे यायच्या आधीच कराले पाह्यजे होतं." त्यानं आईला खुर्चीत बसवलं, टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला आणि कुठं दाबायचं ते एकदा दाखवलं. "आई, तुले पाह्यजे ते लाव."

आता एखादी मालिका लागणार, असं सत्यवतीला वाटलं. सुभद्राबाईनं पदराला बोट पुसलं, सावकाश शोधलं आणि दाबलं. टीव्ही बंद झाला. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली.

"मघापासून विचारून राहिली मी," सुभद्राबाई म्हणाली. "पोरीले काय काय आवडते?"

खुशालराव काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. सत्यवतीनं पोह्याची बशी पुढे ओढली.

"सांगते," ती म्हणाली आणि पहिला घास घेतला.