एका बोल्टवर

बॅटऱ्या दोन. इंधनाचे पंप दोन. इंजिनाच्या फेऱ्या टिपणारे सेन्सर दोन. चार सिलिंडरना स्पार्क प्लग आठ, म्हणजे प्रत्येकी दोन. इंधन फवारणारे इंजेक्टरही तसेच आठ. आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारी कॉम्प्युटरची दोन काळी खोकी, एक डावीकडे, एक उजवीकडे. विमानाच्या डॅशबोर्डखाली उताणी पडून, टॉर्च दातांत धरून, ती एकेका वस्तूला बोट लावत मोजत गेली. दोन्ही खोक्यांतून निघालेल्या अर्थिंगच्या तारा सुबक वळण घेत खाली आल्या होत्या आणि एकाच बोल्टाखाली जाऊन बसल्या होत्या.

तिने टॉर्च तोंडातून काढला.

"बाबा, दोन्हींचं अर्थिंग एकाच बोल्टला?"

"छान बसलंय ना?" शेडच्या दुसऱ्या टोकाला बाबा पाना पुसत होते.

"हा सुटला तर दोन्ही खोकी एकदम मरतील. ठिणगी नाही, इंधन नाही. वर हवेत!"

"मी आवळलेला बोल्ट आजवर सुटलेला नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात जेवतानासुद्धा दुसरा विषय नसायचा. जुनी इग्निशन आणि कार्बोरेटर काढून टाकायचे, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि इंजेक्शन घरीच बनवायचं, पण एका अटीवर: प्रत्येक गोष्ट दोनदा. एक मेली तर दुसरी विमान खाली आणेल. सर्किट तिचं, तारा आणि पत्राकाम बाबांचं. आणि रविवारी ते उडवणार होती आई. घरात लायसन तिचं एकटीचं.

"नीटनेटकेपणाची हौस तुम्हाला, आणि वर जाणार ती!"

"हे बघा शास्त्रज्ञबाई," बाबांनी पाना टेबलावर आपटला, "सेन्सरच्या सिग्नलमध्ये खरखर येत होती तेव्हा कोण ओरडत होतं? सगळं अर्थिंग एका ठिकाणी आणा, बाबा, एका ठिकाणी! आणलं. खरखर गेली. तेव्हा तर नाचलीस."

ती बाहेर सरकून उठून बसली. म्हणाली होती खरी. एका खोक्याचं सगळं एका ठिकाणी, असं तिच्या डोक्यात होतं. तोंडातून मात्र तेवढं आलं नव्हतं. तिने सीटच्या पायाला लाथ मारली, लागलं तिलाच.

"म्हणजे चूक माझी?"

"चूक कुणाचीच नाही. बोल्ट सुटत नाही, एवढंच म्हणतोय मी."

"सुटत नाही ना?" दारातून आईचा आवाज आला. चाकांची हवा तपासून ती आत येत होती. "मग सोडवून बघू."

"अगं, मुद्दाम कशाला..."

"शेपूट बांधा खांबाला. चाकांना ठोकळे लावा."

विमान बाहेर आणून बाबांनी दोर असा आवळला की खांब करकरला. मग आग विझवायचं नळकांडं घेऊन ते पंख्यापासून लांब, फुरंगटून उभे राहिले. आईने इंजिन चालू केलं आणि काटा सतराशे फेऱ्यांवर आणून ठेवला. मुलगी पुन्हा तिच्या पायांशी आडवी झाली. नट सैल झाला, गळून पडला. तिने दोन्ही तारा ओढल्या.

इंजिन खोकलं नाही, अडखळलं नाही. बंद झालं.

पंखा थांबला. आईने हेडसेट काढला.

"दोघांचं ऐकत आलेय मी. सगळं दोन-दोन, सगळं दोन-दोन! आणि दोघांनी मिळून मला एका बोल्टवर बसवलं होतंत."

"तो आपोआप कधीच..." बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. आणि तू काय मान खाली घालून बसलीयेस? त्याने मला खाली उतरता येणार आहे का? दुसरं भोक पाड."

भोक बाबांनीच पाडलं. ड्रिल हातात घेताना त्यांनी मुलीकडे बघितलं नाही.

"कुठे?"

"हातभर लांब. डाव्या खोक्याचं सगळं डाव्या बोल्टला, त्याच्या सेन्सरसकट. उजव्याचं उजव्याला. परत म्हणा."

"मी काय शाळेत आहे?"

"परत म्हणा, बाबा."

बाबांनी दात आवळून परत म्हटलं. मग म्हणाले, "आता तू म्हण. पूर्ण."

तिने म्हटलं. पूर्ण.

संध्याकाळी इंजिन पुन्हा चालू झालं. काटा सतराशेवर स्थिरावला. डॅशबोर्डखाली आता बाबा आणि मुलगी, दोघांची डोकी होती. खरखरीमुळे हुकलेले सिग्नल मोजणारा लॅपटॉप आईच्या शेजारच्या सीटवर उघडा होता.

"काढा," आई वरून ओरडली.

डाव्या बोल्टची तार निघाली. काटा सोळाशे तीसवर उतरला आणि तिथेच राहिला; इंजिन चालूच. डावी लावून उजवी काढली. सोळाशे पंचेचाळीस. हुकलेले सिग्नल, शून्य.