दोन प्रोसेसर आणि काळी लामा

ला पासच्या वरच्या उंच पठारावर, एल आल्तोत, माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे मी एकच नियम पाळतो. खोक्यावर काय छापलंय ते वाचायचं नाही. दोन लॅपटॉप शेजारी ठेवायचे, दोघांना तेच काम द्यायचं आणि बघत बसायचं. खोटं बोलतात ते विकणारे, प्रोसेसर बिचारे बोलत नाहीत. मीही विकतो, म्हणून सांगतो.

त्या गुरुवारी, भर बाजाराच्या दुपारी, लिस्बेत बापाचा हात धरून दुकानात आली. बाप म्हणजे ताता सेवेरो, सहामा डोंगराच्या पायथ्याशी लामा, म्हणजे आमची लांब मानेची लोकरीची जनावरं, राखणारा माणूस. त्याचा एक डोळा केव्हाच गेला होता आणि दुसऱ्याचं ऑपरेशन उद्या सकाळी खाली ला पासला होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. नजर राहिली तर राहिली. मागून आला सेनोन, ट्रकवाला, लिस्बेतचा पाद्रिनो, म्हणून ताताचा कोंपाद्रे. पोरगी पदवीधर झाली तेव्हा मानलेल्या बापाचा मान म्हणून त्यानं तिला लॅपटॉप दिला होता, आणि तो किती भारी आहे हे सगळ्या गल्लीला ऐकवून झालं होतं.

"उस्ताद, हा फार रखडतोय," लिस्बेत म्हणाली.

"चौदा कोअरचा आहे तो," सेनोन म्हणाला. "रखडत नाही. तुला चालवता येत नाही."

काम काय ते तिनं सांगितलं. गेल्या आठवड्यात गावी तिनं आभाळाचे शेकडो फोटो काढले होते. ते सगळे एकमेकांवर नेमके बसवले की फोटोतली कचकच जाते आणि डोळ्यांना न दिसणारं वर येतं. तिला हवी होती काळी लामा. आकाशगंगेत जिथे चांदण्या नाहीत, नुसता काळोख आहे, त्या काळोखाची लामा. आभाळातली ती आता ताताला दिसत नव्हती, पण झगझगीत पडद्याला नाक लावलं तर दिसली असती.

"मला बघायची नाही," म्हातारा म्हणाला. "मी पुष्कळ बघितली. हिला दाखवायची राहिली. नऊ वर्षांची असताना ही शिकायला इकडे आली. म्हटलं, सुट्टीत येईल तेव्हा दाखवू. सुट्टीत ही झोपायची."

"ताता," लिस्बेत म्हणाली.

मी माझा जुना लॅपटॉप काढला. चार कोअरचा, कोपरे झिजलेला, पण माझ्या शब्दाबाहेर नाही. दोघांना तेच फोटो दिले. नवा असा सुटला की मी हातातला मक्याच्या गरम आपीचा पेला तोंडाशी न्यायचा विसरलो. पण जरा वेळानं त्याचा पंखा किंचाळायला लागला आणि वेग धाडकन खाली आला. माझं म्हातारं आपलं एका चालीनं चालत राहिलं, आणि बघता बघता पुढे गेलं.

"नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," मी म्हणालो. सेनोनचे कान लाल झाले.

प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपणच हात आखडतो. आमच्या उंचीवर हवा विरळ, पंख्यानं कितीही फुंकलं तरी गारवा कमीच. पण इतका कमी नाही. मी लॅपटॉप उलटा केला. जाळीतून काहीतरी गुलाबी डोकावत होतं.

"कार्निव्हलच्या मंगळवारी काय केलंत याचं?"

"जे करायचं असतं तेच," सेनोन छाती काढून म्हणाला. "धरणीमायच्या नावानं नव्या वस्तूवर दारू शिंपडली, रंगीत कागदाच्या टिकल्या उधळल्या. अख्खा पुडा. आमच्यात कंजुषी नाही."

मी स्क्रू काढले. आत पंख्याच्या पात्यांत गुलाबी, पिवळ्या, हिरव्या टिकल्यांचा लगदा दारूनं चिकटून बसला होता. मी चिमटा उचलला तसा सेनोननं वर हात ठेवला.

"धरणीमायला दिलेलं झाडून काढायचं नसतं. पोरीचं नशीब जाईल."

मला हसता आलं नाही. माझ्या गल्ल्याखालच्या टिकल्या मीही अजून झाडलेल्या नाहीत. माझा जुना लॅपटॉप काम पुरं करणार उद्या उजाडल्यावर, आणि तेव्हा ताता ऑपरेशनच्या टेबलावर असणार. लिस्बेत एकदा पाद्रिनोकडे बघत होती, एकदा बापाकडे.

ताता सेवेरोनं टोपी काढून पुढे धरली. "कोंपाद्रे, काढायचं नसतं हे खरं. पण पोचवायचं असतं ना? तू दिलंस ते धरणीमायपर्यंत पोचलंच नाही. मधेच अडकलंय."

सेनोननं विचार केला आणि हात उचलला. मी एकेक टिकली टोपीत टाकली. म्हातारा चाचपडत दाराबाहेर गेला, टाचेनं माती उकरली, टिकल्यांवर कोकाची पानं ठेवली आणि खड्डा बुजवला. "दोन थेंब दारू तरी टाका," सेनोन पुटपुटला, आणि खिशातून बाटली काढून स्वतःच टाकली.

मग आम्ही नवा लॅपटॉप पुन्हा लावला. इतकी वर्षं हेच धंदे करतोय, पण असं बघितलं नव्हतं. चौदाही कोअर एकदम वर गेले आणि वरच राहिले. पंखा नुसता श्वास घेत होता. शेजारी माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपचं पाव कामही झालं नव्हतं. नखाएवढ्या तुकड्यात अख्खं आभाळ पुन्हा पुन्हा मांडलं जात होतं. मला भीती वाटली, देवळात वाटते तशी. मी पेला खाली ठेवला.

चित्र उमटलं. आधी राखाडी, मग चांदण्यांचा लोंढा. आम्ही उजेड बघायला वाकलो होतो, आणि स्पष्ट होत गेला तो काळोख. मान, पाठ, चार पाय. सेनोननं हॅट काढली.

तातानं पडद्याला नाक टेकवलं. मग त्यानं लिस्बेतचं बोट धरलं.

"हे दोन तारे म्हणजे तिचे डोळे. इथून मान. ही पाठ. आता पोटाखाली ये."

"तिथे काही नाही, ताता."

"मोठं कर."

तिनं मोठं केलं. पोटाखाली एक छोटा काळोख होता, मान उंच करून.

"पिल्लू," ताता म्हणाला. "पितंय."

माझा जन्म याच आभाळाखाली गेला, आणि ते पिल्लू मी कधी बघितलं नव्हतं. लिस्बेत रडत होती. म्हाताऱ्यानं तिचं बोट सोडलं आणि म्हणाला, "आता तू दाखव." ती पाठीवर चुकली. "डोळे आहेत ना तुला?" तो खेकसला. दुसऱ्यांदा ती डोळ्यांपासून पिल्लापर्यंत न अडखळता गेली.

तो मागे टेकला आणि त्यानं आपला एकुलता डोळा मिटून घेतला.

"झालं," तो म्हणाला. "आता उद्या त्या डॉक्टरला काय करायचं ते करू दे."